जिवतीच्या शुक्रवारी, कोल्ह्याची कहाणी

कहाणी वाचावी तर वासंतीबाईंनी, असं कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीतल्या बायका म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. श्रावणात बायकांच्या मुठीत अक्षता देऊन त्या पाटावर बसल्या, की मालिका सोडून जागची न हलणारी तिसऱ्या मजल्यावरची ऊर्मिलासुद्धा खाली यायची. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि रडायच्या जागी बरोबर रडवणार. खोड एकच. एकदा सुरू झाल्या की 'हूं'शिवाय कुणी काही बोललेलं त्यांना खपत नसे, आणि आपलं काही चुकत असेल असं तर त्यांच्या स्वप्नातही येत नसे.

अशा या वासंतीबाई यंदा श्रावणात जर्मनीत, येनाला, लेकीकडे आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. घोराचं नाव आकिओ.

त्यांची लेक मैथिली येनातल्या एका कॅमेऱ्याची भिंगं बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि उरलेल्या वेळात मांगा काढायची. मांगा म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा. तिची कथा जपानातल्या एका जुन्या लोककथेवरून घेतलेली होती. एक कोल्हा माणसाचं रूप घेतो, नदीकाठच्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो, दोघं संसार मांडतात. दोन भाग छापून आले होते आणि जर्मन शाळकरी पोरी त्यांवर जीव टाकत होत्या. तिसरा आणि शेवटचा भाग लायप्झिगच्या संपादिकेला, फ्राऊ हार्टविगना, सोमवारी द्यायचा होता. हे सगळं वासंतीबाईंना पुण्यातच फोनवर कळलं होतं. 'माझ्याबरोबर आकिओ राहतो' हेही कळलं होतं. जपानी तर जपानी, असं म्हणून त्यांनी मनाची तयारी केली, नवऱ्याची, वासुदेवरावांची, समजूत काढली आणि चिवड्यात तिखट कमी घातलं. पण दार उघडून तो "या आई, प्रवास कसा झाला?" असं स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला, तेव्हा त्यांच्या हातातली पिशवीच सुटली.

"जपान्याला आपली भाषा कुठून?" त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"येते त्याला," मैथिली म्हणाली आणि कुकर लावायला लागली.

मुलगा वाईट नव्हता. न सांगता भांडी घासायचा, आजारी माणसाला विचारावं तशा हळुवारपणे "आई, गुडघा कसा आहे?" विचारायचा, आणि तळलेलं टोफू दिसलं की पोराटोरांसारखा ओट्याशी घुटमळायचा. पण त्याला गाव नव्हतं, घरचं माणूस नव्हतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कागद नव्हते. लग्नाचं विचारलं तेव्हा मैथिली म्हणाली होती, "आई, श्टांडेसआम्टमध्ये, लग्न नोंदवतात तिथे, बर्थ सर्टिफिकेट मागतात. त्याचं तर आनमेल्डुंगसुद्धा नाहीये, राहत्या पत्त्याची साधी नोंद." जिथे कुत्रा पाळायचा तर त्याचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते, त्या देशात हा बाप्या नुसताच होता. शेजारच्या आजींचा बुटका डाख्सहुंड कुत्रा एरवी कुणाच्याही पायात लोळण घेई, पण आकिओ जिन्यात दिसला की घसा फुटेपर्यंत भुंके. मग एका संध्याकाळी वासंतीबाईंनी देवापुढे निरांजन लावलं, खाली पडलेली काडेपेटी उचलायला आकिओ वाकला, आणि भिंतीवरच्या त्याच्या सावलीला शेपूट दिसलं. चांगलं झुपकेदार.

वासंतीबाईंनी कुणाला सांगितलं नाही. मोतीबिंदू असेल, असं स्वतःला बजावून त्या रामरक्षा पुटपुटत भाजी निवडत बसल्या. पण त्यानंतर आकिओ दिवसागणिक झिजायला लागला, आणि ते काही मोतीबिंदूच्या माथी मारण्यासारखं नव्हतं. खोकला हटेना. कप धरलेल्या त्याच्या बोटांतून पलीकडची खिडकी दिसायला लागली. रबराने खोडल्यावर पेन्सिलीची रेघ जेवढी उरते, तेवढीच ती बोटं उरली होती. मैथिली ऑफिसमधून आली की टेबलाशी बसून काढायची, फाडायची, पुन्हा काढायची.

गुरुवारी सकाळी वासंतीबाईंनी लेकीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"काय चाललंय या घरात? खरं सांग."

"तू हसशील, आई."

"हसायचे दिवस आहेत का हे? बोल."

मैथिलीने सांगितलं. पहिला भाग छापून आला आणि अगदी तिने काढलं होतं तसाच आकिओ तिला भेटला. चेहरा तोच, आवाजही तिने मनात धरला होता तोच. चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांतली वाक्यं ती आधी मराठीतच लिहायची, जर्मन नंतर, म्हणून तो मराठी बोलायचा. ती जे काढील ते त्याला होत होतं.

"आणि त्या लोककथेत शेवटी तो कोल्हा आहे हे उघड होतं. मग त्याला जावं लागतं. ती दारात रडत राहते, जन्मभर."

"मग बदल की शेवट! कागद तुझा, पेन्सिल तुझी."

"बदलला. किती वेळा बदलला! प्रत्येक वेळी त्याला ताप भरतो. ही स्टोरी माझी नाहीये ना आई, शेकडो वर्षं लोक सांगत आलेत. माझ्या एकटीचं ती ऐकत नाही."

"मग पाठवूच नकोस त्या बाईला."

"अर्धवट ठेवली तर तो असाच झिजत जाणार. आल्झो, म्हणजे दोन्हीकडून तेच. पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत वाचली की गोष्ट पक्की होते. सोमवारी फ्राऊ हार्टविग वाचतील. मग तो जाईल."

हे सगळं तिने कोरड्या डोळ्यांनी सांगितलं. शिसपेन्सिलीचं टोक मोडलं तरी भोकाड पसरणारी ही पोर. वासंतीबाईंना त्या कोरड्या डोळ्यांचीच जास्त भीती वाटली. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये आपली लेक. देवा, हिला यातून काढ. मग तो कोल्हा असो, लांडगा असो, मला चालेल!

दुसऱ्या दिवशी श्रावणातला शुक्रवार होता, म्हणजे जिवतीचा वार. जिवती मुलाबाळांना राखते. तिच्या चित्राचा कागद वासंतीबाईंनी पुण्याहून साडीच्या घडीत घालून आणला होता. तो भिंतीला चिकटवताना त्यांच्या डोक्यात विचार आला, आणि आला तो डोक्यात घर करूनच बसला. आपल्या कहाण्यांत गेलेला परत येतो. बुडालेला वर येतो, साप चावलेला उठून बसतो, हाकलून दिलेली सून वाजतगाजत घरी येते. जपानी लोकांना रडून संपवायची हौस असेल, आपल्याला नाही. कुणीतरी पहिल्यांदा वाचणारच आहे ना, मग ती लायप्झिगची बाई कशाला? आपण वाचू. अक्षता घेऊन, रीतसर. कोल्हा निघून गेला की तिथे थांबायचंच नाही, पदरचं घालून त्याला परत घरी आणायचं आणि मगच हातातल्या अक्षता खाली ठेवायच्या.

लेकीला त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती "आई, प्लीज!" म्हणाली असती.

मैथिली ऑफिसला गेली. वासंतीबाईंनी पुरण घातलं, दिवे लावले, जिवतीला आघाड्याऐवजी मागच्या अंगणातली पानं वाहिली आणि आकिओला हाक मारली.

"अहो आकिओ, जरा इथे बसा. कहाणी ऐकायची आहे."

"कुणाची, आई?"

"तुमचीच."

टेबलावर स्प्रिंग लावून बांधलेला जाड गठ्ठा होता. पहिल्या भागापासूनची सगळी गोष्ट मैथिलीने त्यात पेन्सिलीने काढलेली होती. आकिओ त्याच्याकडे बघत राहिला.

"शेवटपर्यंत वाचणार?"

"शेवट माझा असणार. तुम्ही फक्त हूं म्हणा."

त्याने हात पुढे केला. वासंतीबाईंनी त्या अर्धवट दिसणाऱ्या मुठीत अक्षता ठेवल्या. त्या खाली पडल्या नाहीत हाच त्यांना शुभशकुन वाटला.

आता इथेच घात झाला. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणजे आपण जिथे पुस्तक मिटतो तिथे ती उघडायची. मैथिलीने हे आईला फोनवर सांगितलंही होतं, पण तेव्हा आईचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे होतं. वासंतीबाईंनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि बालवाडीपासून जसं पुस्तक उघडत आल्या होत्या तसं उघडलं.

"ऐका आकिओराव, तुमची कहाणी."

पहिल्याच पानावर एक बाई दारात बसून रडत होती, आणि दूर डोंगरावर एक ठिपका दिसत होता. वासंतीबाई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी स्वतःच उलगडा केला. हल्ली सिनेमात करतात तसं दिसतंय, आधी शेवट दाखवायचा आणि मग मागचं सांगायचं. म्हणजे दुःखाचं पान तर निघालंसुद्धा! पुढे सगळं चांगलंच असणार, पदरचं काही घालायलाही नको. त्यांना एकदम हलकं वाटलं.

त्या वाचत सुटल्या. फुगे जरा विचित्र होते, माणसं आधी उत्तर द्यायची आणि मग समोरचा प्रश्न विचारायचा. असेल तिकडची पद्धत, म्हणून त्यांनी तेही तसंच ठसक्यात वाचलं. आणि गुण येत होता! आकिओचा खोकला थांबला. गालांवर रक्त दिसायला लागलं. मुठीतून आता पलीकडचं काही दिसत नव्हतं, चांगली भरदार मूठ होती. गोष्टीतली बायको नवऱ्याला भाकरी वाढत होती, दोघं छपरावर बसून चंद्र बघत होती. बाई गं, किती गोड काढलंय माझ्या पोरीने, असं वाटून वासंतीबाईंचा आवाज अजून चढला.

"हूं," आकिओ म्हणत होता. पण हूं उशिरा यायला लागला होता.

दिव्यांच्या रांगा लागलेलं लग्नाचं पान आलं. वासंतीबाईंनी ते दोनदा वाचलं. पान उलटलं तर नवराबायको एकमेकांचा हात धरायला लाजत होती. अजून उलटलं तर मुलगी विचारत होती, "तुम्ही कुठले?" लग्नानंतर कुठली बाई नवऱ्याला हे विचारते? वासंतीबाईंनी मान वर केली. आकिओ स्वयंपाकघराकडे असा बघत होता, की जणू तिथे तो पहिल्यांदाच आला होता. आठवड्यापूर्वी त्याने स्वतः लावलेल्या कढीलिंबाच्या कुंडीकडेही.

त्यांनी गठ्ठ्याचा शेवटचा पुठ्ठा चाचपला, उघडून पाहिला. तिथे मैथिलीच्या अक्षरात गोष्टीचं नाव लिहिलेलं होतं.

"अगंबाई! मी उलटीकडून वाचतेय."

"हो," आकिओ म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या पानालाच."

"मग बोलला का नाहीत, अहो!"

"तुम्ही हूंशिवाय बोलू देत नाही," तो म्हणाला आणि हसला. मग हसू गेलं. "आई, तुम्ही सुरुवातीला ते दारातलं पान वाचलंत ना? खऱ्या बाजूने गेलं तर मैथिली तिथे पोचते, आणि मग उठतच नाही. या बाजूने गेलं तर तिला रडायला काही उरत नाही. मी तिला भेटलेलोच नसेन."

"आणि तुमचं काय?"

"मी असेन. तिला माहीत नसेन, एवढंच." त्याने कपाळ पुसलं. "वाचा. अर्ध्यावर सोडली तर काय होतं ते तुम्ही बघितलंय. लवकर वाचा, अजून मला तुमचं बोलणं कळतंय तोवर."

वासंतीबाई आयुष्यात पहिल्यांदा कहाणीच्या मध्ये गप्प बसल्या. उलट फिरून खऱ्या बाजूने वाचावं, तर हा आत्ताच उठून जाईल आणि लेक जन्मभर दारात बसेल. थांबावं, तर हा डोळ्यांदेखत झिजून जाईल. आणि पुढे वाचावं, तर हा जगेल, लेक हसेल, आणि त्या दोघांचा संसार आपल्या तोंडाने पुसला जाईल. मदत करायला आलेली आई! शहाणपणा करायला सांगितला होता कुणी? त्यांनी जिवतीच्या कागदाकडे पाहिलं. आकिओने मूठ घट्ट धरली होती आणि तो वाट बघत होता.

त्यांनी वाचलं. ज्या आवाजाला कोथरूडमध्ये तोड नव्हती तो दर ओळीला फाटत होता. त्यांना ओळखीचं हसू वाचावं लागलं, मग पहिलं बोलणं, मग नुसतं दुरून बघणं. हूं येईनासा झाला. त्यांनी मान वर केली नाही, करवलीच नाही.

शेवटच्या पानावर एकही फुगा नव्हता. ऊन आणि पाऊस एकदम पडत होते. नदीकाठच्या पायवाटेवर एक मुलगी छत्री उघडत होती आणि झुडपात एक कोल्हा बसून तिच्याकडे बघत होता. ऊन-पाऊस एकदम आला की कोल्ह्याचं लग्न लागतं, असं वासंतीबाई लहानपणी अंगणात नाचत म्हणायच्या. जपानातही असंच म्हणतात म्हणे. सुफळ संपूर्ण म्हणायच्या आधीच त्यांनी मान वर केली.

समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर अक्षता सांडल्या होत्या. अंगणात उघडणारं दार अर्धवट ढकललेलं होतं, आणि बाहेर कोरड्या ठणठणीत दुपारी उन्हातच पाऊस सुरू झाला होता.

किल्ली फिरली. शुक्रवार म्हणून मैथिली लवकर आली होती. ओलीचिंब, आणि हसत होती. वासंतीबाई बघतच राहिल्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं नाहीत, खांद्यांवरचं ओझं नाही. असा चेहरा लेकीला मिळावा म्हणून तर त्या इतकी वर्षं जिवतीपुढे हात जोडत आल्या होत्या.

"आई, पुरणाचा वास जिन्यापर्यंत येतोय! कोणी आलं होतं का? खुर्चीवर तांदूळ कसले?" तिने टेबलावरचा गठ्ठा उचलून फर्रकन पानं सोडली. सगळी कोरी होती. "हे कुठून काढलंस? मांगासाठी आणून ठेवलंय कधीचं. सुचतच नाही काही. जाऊ दे. आणि ऐक ना, आपल्या कुंपणाशी कोल्हा बसलाय! खरंच! इतक्या पावसात हलत नाहीये. शेजारच्यांचा डाख्सहुंड वेडा झालाय भुंकून."

वासंतीबाई खिडकीशी गेल्या. लालसर, भिजून बारीक झालेला कोल्हा कुंपणापाशी बसला होता आणि घराकडे बघत होता.

गप्प बसलं तर सगळं मिटत होतं. लेक सुखात होती. पुढच्या वर्षी कुणीतरी कागदपत्रं असलेला मुलगा बघता आला असता, वासुदेवरावांना जावई म्हणून दाखवता आला असता. आणि हे एवढंसं गुपित पोटात ठेवणं काही अवघड नव्हतं, बायका याहून मोठी गुपितं पोटात घेऊन जगतात. वासंतीबाईंनी हे सगळं नीट मनात आणलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला. हिच्यासाठी काय बरं ते मी ठरवलं, त्याने ठरवलं, त्या जुन्या गोष्टीने ठरवलं. रडायचं की नाही हे ठरवायचं होतं हिने, आणि हिला कुणी विचारलंच नव्हतं. या खेपेला निदान पानं कोरी होती. शेवट तोच होईलही. होणारच नाही, असं सांगायची त्यांची छाती नव्हती.

त्यांनी खुंटीवरची छत्री काढून लेकीच्या हातात दिली.

"जा. त्याच्यावर धर."

"कुणावर? कोल्ह्यावर?" मैथिली खो खो हसली. "आई, काहीतरीच काय! चावेल तो."

"नाही चावायचा."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे, म्हणून सांगतेय. जा म्हटलं ना!"

आईचा आवाज ऐकून मैथिलीचं हसू थांबलं. तिने आईकडे नीट पाहिलं. ती चपला सरकवून अंगणात उतरली. छत्री उघडल्याचा आवाज आला. डाख्सहुंड भुंकायचा थांबला.

वासंतीबाई ओट्याशी गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. साखर ओट्यावर सांडली. बाहेर मैथिली हळू आवाजात काहीतरी बोलत होती, मग बोलायची थांबली. मग पायरीवर पावलं वाजली. एकीची की दोघांची ते कळेना. त्यांनी तीन कप मांडले आणि दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मागे वळून बघायची त्यांची हिंमत होईना.